फेब्रुवारीत आमची वाडी निम्मीच सापडेल

प्रति,
मा. तहसीलदार साहेब (जनगणना चार्ज अधिकारी),
तसेच आमच्या भागात नेमले जाणारे सर्व पर्यवेक्षक, प्रगणक गुरुजी आणि मॅडम

विषय: डोंगरावरच्या वाड्या-तांड्यांची लोकसंख्या आणि तिथल्या रस्ता-एसटीच्या नोंदी जनगणनेत खऱ्या येण्याबाबत

महोदय,

हा अर्ज रीतसर आवक-जावकलाही दिला आहे, शिक्क्याची पोच घेतली आहे. पण अर्ज एका टेबलावर पडून राहतो आणि हा विषय एका टेबलाचा नाही. आमच्यासारख्या वाड्या या डोंगररांगेत जागोजागी आहेत. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितो आहे.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले, नमुना आठ, घरकुलांच्या याद्या, सगळं माझ्याच बोटांखालून ऑनलाइन जातं. त्यामुळे एकदा चढलेला आकडा पुढे कुठे कुठे जाऊन बसतो हे थोडंफार पाहिलेलं आहे. तो उतरवणं किती अवघड असतं, तेही.

आमची वाडी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या माथ्यावर. ग्रामपंचायत गट आहे, म्हणजे मूळ गाव आणि वाडी मिळून एकच. मूळ गाव खाली डांबरीला लागून, एसटी तिथल्या फाट्यावर थांबते. फाट्यापासून वाडी चारेक किलोमीटर, त्यातली निम्मी वाट चढाची. कधीकाळी रोजगार हमीत मुरूम-खडी पडली होती, ती आता ओढ्यात आहे. पावसाळ्यात मोटारसायकल चढाला हातानं ढकलावी लागते आणि मागे बसलेल्यानं उतरून चालायचं, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. रस्ता मिळायला माणसं किती ते बघतात, आणि माणसं मोजायला तुम्ही नेमके ती गावात नसताना येता.

दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाकडून, म्हणजे तोडणी मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या घरांची आवराआवर सुरू होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पत्र्याची पेटी, भांडी, बाजरीचं पीठ, एखादी शेळी, अंगावरचं पोर, असा संसार गाडीत चढतो आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर नाहीतर थेट कर्नाटक. साखर कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलमध्ये. तोवर वाडीत म्हातारी माणसं, आजीपाशी ठेवलेली शाळेची पोरं, दोन-चार नोकरदार आणि गाई-म्हशींची दावणीला बांधलेली जबाबदारी. दसऱ्याआधी वाडी मोजली तर शेतवस्त्या धरून पाचशेच्या वर भरते. फेब्रुवारीत तिची निम्मीही भरणार नाही. काही घरांना तर कुलूपसुद्धा नसतं, नुसती कडी. आत नेण्यासारखं काही उरलेलं नसतं.

यातली एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. माणसं न्यायला मुकादमाचा ट्रक थेट वाडीत, मारुतीच्या पारापाशी येऊन उभा राहतो. रात्रीच्या वेळी भरून, तोच चढ उतरून जातो. आणि याच रस्त्यानं एसटी येऊ शकत नाही असा शेरा कागदावर आहे. तो शेरा खोटा नाही. ओढ्यावरचा नळकांडी पूल एका बाजूनं खचलेला, वर बस वळवायला जागा नाही, गाडी अडकली तर जबाबदार कोण? पाहणीला आलेल्या माणसानं जे दिसलं ते लिहिलं, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. मुकादमाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला वर्षातून दोनदाच यायचं असतं.

आता जनगणनेकडे येतो. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे या जनगणनेचा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ लागतानाची मध्यरात्र आहे. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. २०११ लाही असंच होतं: ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी, आणि २८ च्या रात्री बेघरांची. त्या वेळचा नियम मी जुन्या पुस्तिकेतून वाचला आहे. जो माणूस मोजणीच्या त्या सगळ्या दिवसांत घरापासून दूर असेल, त्याला घरी मोजायचं नाही. तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. नियम म्हणून तो योग्यच आहे, नाहीतर एकच माणूस दोन ठिकाणी चढेल. पण त्या नियमानं आमचा ऊसतोड्या कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाकडेच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) मोजला जातो, तेही तिथपर्यंत कुणी पोचलं तर. पहाटे चारला फडावर गेलेलं जोडपं अंधार पडल्यावर कोपीवर येतं. त्यांना गाठायचं कधी, हे तिकडच्या प्रगणकालाच विचारा. आणि गाठलं तरी त्यांची गणती त्या सधन तालुक्याच्या खात्यात जाते, जिथं पक्के रस्ते आधीच आहेत. आमच्या खात्यात उरतात म्हातारे.

कुणी म्हणेल, अख्ख्या देशाचं वेळापत्रक एका जिल्ह्याच्या उसासाठी बदलायचं का? तसं मी म्हणत नाही. पण वेळापत्रक बदलता येतच नाही असंही नाही. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी याच जनगणनेत संदर्भ दिनांक १ ऑक्टोबर २०२६ ठेवला आहे. फेब्रुवारीत तिथं बर्फानं पोचता येत नाही हे सरकारला मान्य आहे. आमच्याकडे पोचता येतं, साहेब, पण आल्यावर दारं बंद दिसतात. बर्फ नकाशावर दिसतो, ऊसतोड दिसत नाही, एवढाच फरक.

आकड्यानं बिघडतं काय? तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली तेव्हापासून साध्या भागाला निकष ५०० लोकसंख्येचा आहे. डोंगरी राज्यं, आदिवासी भाग, वाळवंट यांना २५०. बालाघाट डोंगर असला तरी या योजनेच्या भाषेत आम्ही सपाटीवरचेच आहोत. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा चौथा टप्पा मंजूर झाला: २५,००० वस्त्या, ६२,५०० किलोमीटर, ७०,१२५ कोटी रुपये. त्यासाठी लोकसंख्या धरायची ती २०११ ची. म्हणजे पुन्हा फेब्रुवारीचीच. आमच्यासारखी वाडी त्या एका महिन्यामुळे ५०० च्या खाली राहिली की यादीत नाव नाही, आणि जिल्ह्याला मिळालेला निधी उरलेल्या यादीवर संपतो. २००१ झालं, २०११ झालं. आता २०२७ चा आकडा पुढची दहा वर्षं, किंवा गेल्या वेळचा अनुभव पाहता सोळा वर्षं, आमच्या मानेवर राहील.

त्यात आणखी एक पेच आहे. ५०० मीटरच्या आतली घरं एकत्र करून एक वस्ती धरायची, असा त्या योजनेचा नियम. आमच्याकडे वाटण्या झाल्या तशी पोरं रानात राहायला गेली. पाण्याजवळ घर, गोठा घराला लागून. अशा शेतवस्त्या गावठाणापासून किलोमीटरभर लांब आहेत. त्यांची मतं वाडीत, रेशन वाडीत, देव वाडीत, पण रस्त्याच्या हिशेबात ती माणसं वाडीत येत नाहीत आणि स्वतंत्रपणे कुणी त्यांच्याकडे बघत नाही.

राज्याचीही योजना आहे, २०१५ पासूनची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना. जिल्हा परिषदेचं ग्रामीण मार्गांचं खातं आहे, आमदार निधी आहे. नाही असं नाही. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच येतो: लोकसंख्या किती? वित्त आयोगाच्या पैशालाही तेच, आरोग्य उपकेंद्रालाही तेच (डोंगरी-आदिवासी भागात ३,०००, बाकी ठिकाणी ५,००० लोकांमागे एक). शाळेला पट विचारतात. वीसच्या खालच्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना २०२३ मध्ये निघाली, तेव्हा आमच्या गुरुजींनी आधी रजिस्टर उघडून पाहिलं. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर गेलेली पोरं पटावर असतात, वर्गात नसतात. हंगामी वसतिगृहाचा आधार आहे, पण आजी थकलेली असली की पोरगं गाडीत चढतंच.

दुसरी गोष्ट जरा बारकाईची आहे आणि ती पूर्णपणे तुमच्या हातातली आहे. जनगणनेबरोबर प्रत्येक गावाची एक निर्देशिका तयार होते. शाळा, दवाखाना, पोस्ट, बँक, सार्वजनिक बस, खासगी बस, रेल्वे स्टेशन: गावात आहे की नाही, आणि नसेल तर किती लांब. लांबीसाठी तीन खुणा असतात. पाच किलोमीटरच्या आत असेल तर ‘ए’, पाच ते दहा ‘बी’, दहाच्या पुढे ‘सी’. ही माहिती गावाच्या, म्हणजे महसुली गावाच्या नावावर चढते. आमचं महसुली गाव खाली डांबरीवर. तिथं बस येते, म्हणून ‘सार्वजनिक बस: आहे’. झालं, आमची वाडी कागदावर बसनं जोडली गेली. हा रकाना तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवकांकडून भरून घेतला जातो. (२०२४ पासून त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, पण वाडीत अजून भाऊसाहेबच.) भरणाऱ्याचं त्यात चुकत नाही. फॉर्ममध्ये वाडीला रकानाच नाही.

आणि समजा वाडीपुरतं लिहिलंच, तरी ‘ए’ येईल. पाच किलोमीटरच्या आत बस! दिल्लीत बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, चला, हे तर फार बरं चाललंय. त्या ‘ए’ मध्ये चढ मावत नाही, ओढा मावत नाही. जुलैत ओढ्याला पाणी असताना बाळंतपणाची बाई खाली कशी न्यायची, हा प्रश्न त्या अक्षरात कुठं बसतो? १०८ ला फोन लागतो, गाडीही निघते, आणि फाट्यावर येऊन उभी राहते. चालक बिचारा फोनवर विचारत राहतो, ‘वर यायला रस्ता हाय का?’ मग ट्रॅक्टर शोधा. ट्रॅक्टर हंगामात उसाला गेलेला.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गासाठी दोन पिढ्यांनी मोर्चे काढले, वाट पाहिली, आम्हालाही त्या दिवशी बरं वाटलं. वाडीतली काही पोरं नुसती गाडी बघायला गेली होती. निर्देशिकेत या वेळी रेल्वेच्या रकान्यातही अनेक गावांची खूण बदलेल. पण आमच्या म्हातारीला रेल्वेपेक्षा फाटा लांब आहे.

एसटीच्या सवलतींचंही तसंच. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, मुलींना पास. चांगल्या योजना आहेत, खालच्या गावातल्या बायका बाजाराला, माहेराला, दवाखान्याला जास्त जाऊ लागल्या हे डोळ्यांनी दिसतं. वर मात्र पंच्याहत्तरीच्या माणसाला मोफत प्रवासाचा लाभ घ्यायला आधी चार किलोमीटर डोंगर उतरावा लागतो. जो उतरू शकतो त्याला डॉक्टरची तेवढी गरज नसते. बाकीचे पोराच्या मोटारसायकलवर, आणि पोरगा फडावर असेल तर शेजाऱ्याच्या. पेट्रोलचे पैसे दिले तर तो घेत नाही, म्हणून म्हातारी माणसं सांगायचंच टाळतात. दुखणं अंगावर काढतात.

थोडं सीताफळाचंही सांगतो, कारण लोक विचारतात की रस्ता देऊन फरक काय पडणार, माणसं तर उसाला जाणारच. बालाघाटचं सीताफळ नावाजलेलं आहे, २०१६ मध्ये ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या बांधांवर आणि डोंगरउतारावर ही झाडं कुणी न लावता उभी आहेत. फळाचे डोळे उघडले की तोडायचं, आणि तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ते पिकून मऊ पडतं. म्हणजे माल त्याच दिवशी खाली गेला पाहिजे. पाटीत पाला घालून बायका डोक्यावर नेतात, नाहीतर मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी क्रेट बांधून. चढ-उतारात तळाची फळं दबतात. फाट्यावर टेम्पो लावून उभा असलेला व्यापारी दबलेलं फळ बोटानं दाखवतो आणि सगळ्या मालाचा भाव पाडतो. त्याला माहीत असतं, ही पाटी परत वर जाणार नाही. दुधाचंही थोड्याफार फरकानं हेच. संकलनाची गाडी फाट्यावर ठरल्या वेळेला येते आणि निघते. उन्हाळ्यात किटली पोचेपर्यंत दूध नासलं तर परत.

रस्ता झाला म्हणून कोयता सुटेल असं मी म्हणणार नाही. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा, डोक्यावर मुकादमाची उचल. पण ज्या घरात चार म्हशी आणि सीताफळाची पन्नास झाडं आहेत, त्यातला एक भाऊ तरी गावात थांबू शकतो. खालच्या गावात असे थांबलेले दिसतात, आमच्यात कमी. चारच किलोमीटरचं अंतर आहे, पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. आणि माणसं थांबली तरच आकडा वाढणार ना? आधी आकडा दाखवा मग रस्ता, हा हिशेब आमच्यापुरता कधी पूर्णच होत नाही.

तर आपल्याकडे मागणं काय. कायदा मोडून काही करा असं नाही. आम्हाला दोनदा मोजा असंही नाही.

जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचा. त्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधले तीस दिवस राज्यांनी निवडायचे होते. एप्रिलचे काही दिवस सोडले तर या महिन्यांत आमची वाडी भरलेली असते. घरयादीत प्रत्येक कुटुंबात सर्वसाधारणपणे किती माणसं राहतात हा प्रश्न आहेच. म्हणजे भरल्या गावाचा आकडा तुमच्याकडे असणारच, आणि फेब्रुवारीत रिकाम्या गावाचा आकडा येईल. हे दोन आकडे तालुक्यात वाडीवार शेजारी-शेजारी ठेवा. ज्या वाडीत दोन्हींत मोठी तफावत असेल, तिच्यापुढे स्थलांतराचा शेरा लिहून तो वर पाठवा. जनगणना अधिनियम १९४८ प्रमाणे कुणाची वैयक्तिक माहिती बाहेर जाता कामा नये, हे माहीत आहे. मी मागतो आहे ती बेरीज. ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार आपल्याकडे नसेल तर वरच्या कार्यालयाकडे शिफारस तरी करा. उद्या रस्त्याची यादी करताना बांधकामच्या साहेबांपुढे हा कागद असला, तर ‘पाचशेच्या आत’ म्हणून फाइल बंद करण्याआधी ते एकदा तरी थांबतील.

वाडीला वेगळं महसुली गाव करा, असे ठराव आम्ही पूर्वी दिले आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ४ खाली ते होऊ शकतं. पण जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ला सगळ्या हद्दी गोठल्या, त्या ३१ मार्च २०२७ पर्यंत उघडणार नाहीत. म्हणजे या वेळीही आम्ही खालच्या गावाच्या पोटातच मोजले जाणार. निदान गणना गटाच्या (एका प्रगणकाकडे दिलेल्या भागाच्या) नकाशात वाडी आणि प्रत्येक शेतवस्ती नावानं दाखवा. घरांना क्रमांक टाकताना ‘वस्तीवरची पाच-सहा घरं’ असं मोघम नको. निर्देशिकेसाठी माहिती मागवाल तेव्हा बसचं अंतर ग्रामपंचायत कार्यालयापासून न धरता सगळ्यात लांबच्या वस्तीपासून धरा, आणि शेऱ्याच्या जागी पावसाळ्यात वाहन जातं की नाही एवढं लिहा. त्या एका ओळीला खर्च येत नाही.

ज्या तालुक्यांत कारखाने आहेत, तिथल्या प्रगणकांनाही या निमित्तानं हात जोडून सांगणं आहे. कोपीवर जाल तेव्हा दिवस मावळल्यावर जा, किंवा पाऊस पडून तोड थांबलेल्या दिवशी. मूळ ठिकाण विचाराल तेव्हा नुसतं ‘बीड’ लिहून पुढे जाऊ नका, गाव विचारा, वाडी विचारा. सांगताना आमची माणसं संकोचतात, जिल्ह्याचं नाव घेऊन थांबतात. थोडं थांबलात तर सांगतील.

आमच्या वाडीला ज्या गुरुजींची नेमणूक होईल त्यांच्यासाठी: सकाळी दहाच्या आत या, नंतर म्हातारी माणसं गुरं घेऊन डोंगराला जातात. मोटारसायकल पुलाच्या अलीकडे बाभळीखाली लावली तरी चालते, कुणी हात लावत नाही. वर मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर आणि टाकीजवळ मिळते, ॲपमधली माहिती तिथं येऊन पाठवावी लागेल. कुलूपबंद घरांची कुटुंबवार यादी मी करून ठेवतो आहे: कोण कुठल्या कारखान्याला, सोबत किती, मागे कोण. ती आपल्या फॉर्मला जोडायला चालत नसेल तर जोडू नका, पण घरं दाखवायला मी सोबत येतो. दोन्ही आकडे वाडीवार ठेवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावानं केली आहे, ठरावाची प्रत अर्जासोबत आहे.

आपला विश्वासू,
डोंगरावरच्या वाडीचा रहिवासी
(संगणक परिचालक, गट ग्रामपंचायत)